कापडी मासे उतरेपर्यंत

मी ढोल बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. हसा, सगळेच हसतात. पण तुमच्या पाठीत कुणी न सांगता धपाटा घातला, तर तुम्ही दचकणार नाही का? माझा तर अख्खा जन्म धपाटे खाण्यात गेला. काठी उगारलेली दिसली की आजही माझं कातडं आक्रसतं.

हिनोउरा गावाच्या मागच्या डोंगरातल्या एका झाडाचं मी खोड. कारागिराने मला आतून कोरलं, वर्षानुवर्षं सावलीत वाळवलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणून खिळे ठोकले. देवळाच्या उत्सवासाठी घडवलं होतं मला. पण पुजारीबुवांनी एकदाच काठी मारली आणि नाक मुरडलं. "हा ढोल नुसता दचकल्यासारखा वाजतो. देव उठायचा सोडून घाबरेल."

तेव्हा दारात एक तरुण टोफूवाला उभा होता, तोकीवा त्याचं नाव. तो म्हणाला, "बुवा, मला द्या. आमचे बगळेही नुसते दचकतच असतात. जोडी जमेल."

बगळे म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ, हिनोउरा हेरॉन्स. शर्टावर डौलदार बगळा आहे खरा, पण गावातले लोक म्हणतात, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहतात आणि मासा समोरून निघून जातो. खांद्यावर बॅट तशीच ठेवून तिसरा स्ट्राइक, म्हणजे बाद करणारा चेंडू, नुसता बघत राहायची आमच्या खेळाडूंची सवय जुनीच.

तर मी मैदानाच्या उजव्या टोकाला, प्रेक्षकांमध्ये, जाऊन बसलो. तोकीवा आमच्या जल्लोष करणाऱ्या मंडळींचा म्होरक्या झाला. सगळे त्याला 'दान्चो' म्हणू लागले. काय दिवस होते ते! खाडीवरून वारा यायचा, शेकडो ट्रम्पेट एकदम उठायचे, डब्यातला थंड भात खाता खाता माणसं उभी राहून गायची. मी दचकत होतो, पण सगळ्यांच्या तालात दचकत होतो. त्यात एक मजा असते, ती ज्याची त्यालाच कळते.

आमच्याकडे प्रत्येक बॅटरला त्याचं स्वतःचं गाणं असतं. तो मैदानात आला की मी त्याचा ठेका धरतो, ट्रम्पेट सूर धरतात आणि माणसं शब्द म्हणतात. ही गाणी मंडळीच रचतात. नवख्या पोराला मात्र गाणं लगेच मिळत नाही. तोवर त्याच्यासाठी सगळ्यांचं म्हणून एक सामाईक गाणं असतं, तेच वाजवायचं. स्वतःचं गाणं मिळणं म्हणजे गावाने पोराला आपलं म्हटलं.

आणि गाणं कधी द्यायचं, याचं आमच्या संघापुरतं एक शहाणपण ठरलेलं होतं. मे महिन्यात मुलांच्या सणाला घराघरांवर कापडी मासे फडकतात ना, ते उतरेपर्यंत थांबायचं. कारण आमचा संघ एप्रिलमध्ये हमखास जिंकतो आणि मग हमखास घसरतो. परगावचे लोक आम्हाला चिडवतात, "कापडी मासे उतरले की बगळे उपाशी!"

हे शहाणपण आलं साकाकीमुळे.

साकाकी आला तेव्हा विशीतला, लांब मानेचा. त्या वसंतात त्याने असे काही फटके मारले की दान्चोला राहवेना. हंगाम सुरू होऊन तीन आठवडेही झाले नसतील, त्याने साकाकीला गाणं देऊन टाकलं. शब्द दान्चोच्या बायकोने लिहिले. मी तो ठेका वाजवला की आमचा कोपरा असा हलायचा की माझे खिळे सैल होतील की काय, असं वाटायचं. पण मासे उतरले आणि साकाकीची बॅटही उतरली. जूनमध्ये त्याला दुय्यम संघात धाडलं, वर्षअखेरीस तिथूनही नारळ दिला.

तो गावातच राहिला. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात लागला. वड्यांचे खोके घेऊन दर दोन-तीन दिवसांनी दान्चोच्या टोफूच्या दुकानात येऊ लागला. मी सामना नसेल तेव्हा त्याच दुकानात, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी असायचो. म्हणून मला ठाऊक आहे: साकाकीची गाडी वाजली की दुकानातली माणसं एकदम गप्प व्हायची. कुणी ते गाणं गुणगुणत असलं तर दुसरा त्याला कोपराने ढोसायचा. बिचाऱ्याच्या जखमेवर मीठ नको म्हणून. साकाकी खोकी ठेवायचा, वाकून नमस्कार करायचा, जायचा. अशी वीस वर्षं गेली. आमचा गाव फार सभ्य आहे हो. सभ्यपणाची मला ढोलाला कधी कधी भीतीच वाटते.

मग ओगुशी आला.

तेव्हा दान्चोचे केस पिकले होते आणि त्याची मुलगी चिनात्सु आमची मुख्य ट्रम्पेटवाली झाली होती. एप्रिल संपत आला होता. संघ तिसऱ्या नंबरवर. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला नेहमीची मंडळी जमली आणि हंगामाचं पोस्टमॉर्टम सुरू झालं, रोगी जिवंत असताना.

"तिसरा नंबर म्हणजे काय कमी आहे?" चिनात्सु म्हणाली. "पिचर बरे टाकतायत. बॅटिंग मागच्या वर्षीपेक्षा चांगली आहे."

"पिचर दोन बरे आहेत गं, बाकीचे देवाच्या भरवशावर," मात्सुएआजी म्हणाल्या. त्या शेजारच्या धोब्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. सामना चुकवायच्या नाहीत आणि चांगलं कधी बोलायच्या नाहीत. "शेवटच्या डावात तो लंबू आला की मी डोळे मिटून घेते. आणि जिंकलो कुणाशी? तळाच्या दोन संघांशी. खरे संघ मेमध्ये यायचेत."

"आजी, तुम्ही लग्नातही असंच बोलता का?"

"लग्नात तर जास्त बोलते. माझ्या लग्नात बोलायला हवं होतं, ते राहून गेलं."

सगळे हसले. मग चिनात्सुने खाकरून घेतलं. "बाबा, ओगुशीचं गाणं तयार आहे. उद्या वाजवू या."

सगळ्यांनी दान्चोकडे पाहिलं. ओगुशी, नवखा, बुटका, गोल चेहऱ्याचा. त्या महिन्यात संघातला सगळ्यात चांगला बॅटर तोच होता. पण त्या जागेवरचा मुख्य खेळाडू दुखापतीतून बरा होत आला होता. तो परतला की ओगुशीला खाली धाडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उद्याचा सामना घरचा. मग संघ दोन आठवडे बाहेरगावी.

"मासे उतरल्यावर बघू," दान्चो म्हणाला.

"मासे उतरेपर्यंत तो नसेल, बाबा!"

"म्हणूनच. नसेल तर गाणं कशाला? चार दिवसांचं गाणं घेऊन पोराने जन्मभर काय करायचं? एकदा केली घाई. एका पोराच्या डोक्यावर ओझं ठेवलं. अजून येता-जाता बघतो मी त्याला."

माझं कातडं ताठ झालं. कारण मला गाडी ऐकू आली होती, त्यांना नव्हती. दारात साकाकी उभा होता, हातात वड्यांचा खोका. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ओझं?" तो म्हणाला.

दान्चो उठून उभा राहिला. मात्सुएआजींनी पहिल्यांदाच तोंड मिटलं.

"साकाकी, अरे, म्हणजे... मी तुला एप्रिलमध्येच गाणं दिलं. त्या दडपणानेच तुझी बॅट..."

"दान्चो, मला तो बुडणारा चेंडू मारता येत नव्हता." साकाकीने खोका सावकाश खाली ठेवला. "समोर येतोय येतोय असं वाटतं आणि ऐन वेळी खाली जातो, तो. शाळेतही कधी मारता आला नाही. मेमध्ये सगळ्या पिचरना ते कळलं. गाण्याचा काय संबंध?"

दान्चो हळूच पुन्हा खाली बसला.

"उलट मीच म्हणायचो, एकदा विचारावं," तो खाली बघत म्हणाला. "तिथे मैदानात उभं राहिलं ना, की शब्द ऐकू येत नाहीत. एवढा गोंगाट. फक्त ढोल येतो. मला माझ्या गाण्याचा ठेका पाठ आहे. शब्द काय होते, ते कधी कळलंच नाही."

"वीस वर्षांत विचारलं नाहीस?" चिनात्सु म्हणाली.

"विचारणार कसं? मी आलो की तुम्ही सगळे गप्प. मला वाटलं, विसरलात."

तुम्हाला सांगतो, मी खूप आवाज ऐकलेत. पण त्यानंतर दुकानात जी शांतता पसरली, तिने मी जेवढा दचकलो, तेवढा कुठल्याच आवाजाने दचकलो नाही.

सुरुवात मात्सुएआजींनी केली. त्यांचा आवाज फाटका आणि सूर तर कधीच नव्हता.

"साकाकी रे, साकाकी, चेंडू खाडीपार ने..."

दान्चोने काठी उचलली. एरवी मी आक्रसलो असतो. त्या संध्याकाळी नाही आक्रसलो. त्याने ठेका धरला आणि सगळ्यांनी दुसरी ओळ उचलली:

"भात निवायच्या आधी फिरून घरी ये!"

साकाकी ऐकत राहिला. मग म्हणाला, "भात?"

"शब्द आमच्या हिचे," दान्चो म्हणाला. त्याला बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. "तिला बेसबॉलमधलं काही कळायचं नाही. भातातलं कळायचं."

"मी समजत होतो, त्यात वीर-बीर असेल. तलवार-बिलवार." साकाकी हसायला लागला आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "भात होय! पुन्हा म्हणा बरं."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. शेवटी साकाकीने स्वतः म्हटलं, वड्यांचा वास लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवत. शब्द चुकला की मात्सुएआजी त्याला ओरडत होत्या, "घरी ये, घरी ये! इतकी वर्षं घरात येतोयस, तरी जमेना?"

निघताना तो दान्चोला म्हणाला, "त्या पोराला द्या. आणि शब्द कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. त्याला तिथे ऐकू येणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी ओगुशी बॅट घेऊन आला. त्याने सवयीने सामाईक गाण्याची वाट पाहिली. त्याऐवजी मी वाजलो, नवाच ठेका, आणि चिनात्सुचा ट्रम्पेट माझ्यावर चढला. ओगुशी थबकला. वळून आमच्या कोपऱ्याकडे बघू लागला. त्याने हेल्मेट काढलं, पंचांनी हटकल्यावर पुन्हा घातलं. आणि मग, आमच्या घराण्याला साजेसं, बॅट खांद्यावर ठेवून तिसरा स्ट्राइक बघत उभा राहिला.

"बगळा तो बगळाच!" मात्सुएआजी ओरडल्या. पण गाणं कुणी थांबवलं नाही. तो बाहेर जाऊन बसेपर्यंत वाजवत राहिलो आम्ही. सामना संपल्यावर चिनात्सुने शब्दांचा कागद त्याच्या हातात दिला.

खोटं सांगत नाही. मासे उतरले आणि संघ घसरला. शेवटून पहिला आला. ओगुशीला तर मासे उतरण्याआधीच खाली धाडलं, आता तो लांब उत्तरेच्या एका कंपनीच्या संघातून खेळतो. म्हणजे सगळ्यांचा अंदाज बरोबरच होता. अंदाज बहुतेक बरोबरच असतात. मला पूर्वी त्यांची फार भीती वाटायची. आता तेवढी नाही वाटत.

त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात माझं कातडं फाटलं. कारागीर म्हणाला, काठाला इतक्या वेळा खिळे ठोकलेत की आता नवा खिळा धरणार नाही. मैदानावर नवा ढोल आला. तो माझ्यापेक्षा भारदस्त वाजतो, दचकत नाही. मी दुकानातच असतो. माझ्यावर सोयाबीनची चाळण ठेवतात. दान्चोचा हात थरथरतो, टोफू आता चिनात्सु कापते. एप्रिल आला की मंडळी जमतात, पिचरना नावं ठेवतात, आणि नव्या पोरांची गाणी वेळेवर ठरवतात. लवकर ठरवतात.

माझं एकच मागणं आहे. एखाद्याचं गाणं तुम्हाला पाठ असेल, तर तो दारात आल्यावर गप्प होऊ नका. तुम्ही मायेने गप्प होता. त्याला वाटतं, आपण पुसले गेलो. फार तर काय होईल? तो दचकेल. दचकू द्या. दचकणं सोसतं, मी सांगतो.

बरं, आता थांबतो. चिनात्सु दुकानाच्या आतूनच ओरडतेय, "साकाकी रे, साकाकी!" आणि बाहेर गाडीचं दार उघडता उघडता तो पुढची ओळ म्हणतोय. अजूनही बेसूर, पण शब्द सगळे बरोबर.