तुटवड्याचा आलेख

तांबडा ठिपका आलेखाच्या वरच्या रेघेवरून चढत चढत गेला आणि टोकाशी पोचून थरथरायला लागला. तिने उजवं मनगट डाव्या हाताने धरून पाहिलं, तरी तो थांबेना. भल्याभल्या वकिलांची सरबत्ती ज्या बोटांनी एकही शब्द न सांडता टिपली, त्या बोटांना पेनाएवढा हा दिवा धरता येऊ नये... सेल उतरला असेल, असं तिने ठरवून टाकलं. सेल उतरला की ठिपका थरथरत नाही, फिका होतो, हे ठाऊक असूनही ठरवलं. हल्ली अशा गोष्टी परस्पर ठरवून टाकायची तिला सवयच लागली होती.

भिंतीवर दोन रेघा होत्या. वरची चढत जाणारी, मागणीची – न्यायालयं, चौकशी समित्या, विमा कंपन्यांचे वकील, ज्यांना ज्यांना बोललेला शब्दन् शब्द लिहून हवा असतो त्या सगळ्यांची. खालची उतरत जाणारी, तो शब्द लिहून घेणाऱ्या माणसांची, म्हणजे लघुलेखकांची. म्हणजे तिची स्वतःची, तिच्या वहिनीची आणि संस्थेतल्या उरलेल्या बायकांची, ज्यांतल्या बऱ्याच जणींनी आता केस रंगवायचाही नाद सोडला होता. दोन रेघांच्या मधली जागा उजवीकडे जाईल तशी रुंद होत होती. तिला तिने फिकट पिवळा रंग दिला होता आणि वर लिहिलं होतं : 'संधी'. आज हा आलेख तिला दोनदा दाखवायचा होता. सकाळी तिची संस्था विकत घ्यायला निघालेल्या माणसाला, आणि दुपारी संस्थेच्याच वर्गात लघुलेखन शिकू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना. त्या मुलामुलींत तिची भाचीही बसणार होती.

आकडा एकही खोटा नाही, हे तिने दात घासताना स्वतःला सांगितलं होतं, कुलूप लावताना सांगितलं होतं, आणि आता दिवा बंद करता करता पुन्हा सांगितलं. खऱ्या आकड्यांना इतक्यांदा खरं म्हणावं लागत नाही, हे कळण्याइतकी वर्षं तिने साक्षीदारांच्या समोर काढली होती. शपथेवर सांगतो, शपथेवर सांगतो म्हणणारे कोण असतात ते तिला पाठ होतं.

खरेदीदार आला तो नेहमीसारखा हसतच. ऑफिसात सगळ्या त्याला हसरा म्हणत. तो नव्या सॉफ्टवेअरची माहिती द्यायला येतो असं तिनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि ते तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं. त्याच्या कंपनीचं यंत्र कोर्टातल्या टेबलांवर माइक ठेवून बोलणं ऐकायचं आणि आपलं आपण लिहायचं. चुका करायचं, नावांची वाट लावायचं, दोघे एकदम बोलले की बावचळायचं, पण दर महिन्याला थोडं थोडं सुधारायचं. माणसं दर महिन्याला थोडी थोडी थकत होती.

"ही मधली जागा बघा," ती म्हणाली. तिने ठिपका दोन रेघांच्या मधे नेला. "मागणी वाढतेय आणि माणसं मिळत नाहीत."

"माणसं मिळत नाहीत हेच तर आमच्या पथ्यावर पडलंय, मॅडम. मिळत असती तर कोर्टांनी आमच्याकडे ढुंकून तरी पाहिलं असतं का?"

"आणि ज्या आहेत त्यांचं काय?"

"त्यांना कोण हात लावतंय? यंत्राने लिहिलेलं तपासायला तुमच्यासारखी मुरलेली माणसंच लागणार. जोवर आहेत तोवर आहेत. फक्त नवीन भरती नको."

"दुपारी नव्या मुलांना माहिती द्यायची आहे. ते रद्द करते मग."

"छे, छे, तसं करूच नका. रद्द केलंत की कुजबुज सुरू होईल, आणि सह्या व्हायच्या आत तुमच्या चार चांगल्या बायका सोडून जातील. मग मी विकत काय घेऊ, खुर्च्या? पुढच्या आठवड्यात सह्या झाल्या की गोड शब्दांत सांगू सगळ्यांना. वर्ग काय, आपोआप बंद पडेल."

खुर्च्यांच्या विनोदावर ती हसली. हसून झाल्यावर तिला कळलं की आपण हसलो. वाईट हे की माणूस तिला आवडत होता. जाताना तो दारातल्या शिपायाच्या आईची चौकशी करून गेला. लुच्चा असता, डोळ्यांत डोळे न घालणारा, तर सगळा दोष त्याच्या अंगावर टाकून ती मोकळी झाली असती. पण तो बिचारा उघडउघड धंदा करत होता, आणि लपवाछपवी चालली होती ती हिची.

विकतेय हे पाप नाही... ते तिने स्वतःशी कितीदा तरी तपासून घेतलं होतं. आज ना उद्या कोर्टं माइककडेच जाणार. तोवर थांबलं तर विकायला उरेल काय – एक पाटी आणि मोडकी झेरॉक्स. आणि मी थकलेय, ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण ओठ हलले. मी थकलेय म्हणायचा मला हक्क नाही का? रोज सकाळी कोण आजारी, कोणत्या कोर्टात कुणाला पाठवू, या जुळवाजुळवीत केस पिकले माझे. मला सुटायचंय. एवढं तिला कबूल होतं. तिथून पुढे मात्र एक दार होतं आणि त्या दारात भाची उभी होती, विमा कंपनीतली बरी नोकरी सोडायच्या तयारीत, आत्याच्या शब्दावर विश्वास ठेवून.

वहिनी आली ती जेवायच्या सुट्टीत, खांद्यावर लघुलेखनाच्या मशीनची पिशवी, कपाळावर आठी. एका जमिनीच्या दाव्याची उलटतपासणी अख्खी सकाळ चालली होती. तिने पिशवी टेबलावर ठेवली, बोटं एकेक करून मोडली आणि खुर्चीत बसली.

"मेला तो वकील, श्वास घेत नाही. एखाद्या दिवशी तिथंच आडवा होईल, आणि तेही मलाच लिहावं लागेल."

"पाणी घे आधी."

"घेते गं. ऐक, पोरीने राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या सकाळी देणार म्हणते."

"उद्या? एवढी घाई कशाला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, आज आत्याचं ऐकते आणि मग देते. आईला कोण विचारतंय, बाई माझे. आईला नुसतं बडवायला येतं, धंद्यातलं कळतं ते आत्याला." वहिनी हसली. तिला याचा खरोखरच अभिमान होता, आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

आता सांगावं. आत्ता. वहिनी, दार लाव, बस, मला तुला काही सांगायचंय... वाक्य जिभेवर तयार होतं, त्याला कर्ता होता, कर्म होतं, सगळं होतं. पण वहिनीला सांगितलं की वहिनीच्या पोटात राहणार नाही. राहावं अशी अपेक्षा करणंही अन्याय. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, सगळ्या निघून जातील, हसरा हात झटकेल. आणि नाही सांगितलं तर –

"वहिनी," ती म्हणाली, "तुझ्या चष्म्याची काडी ढिली झालीये बघ."

"कधीचीच." वहिनीने चष्मा काढून पाहिला, पुन्हा घातला. "तुझं आज काय बिनसलंय? सकाळपासून काही खाल्लं नाहीस वाटतं."

वहिनीनेच तिला मशीनवर बसवलं होतं. परीक्षेत नापास होऊन ती घरात तोंड लपवून बसलेली असायची, दादा तिच्याशी बोलत नव्हता, आणि वहिनीला दिवस गेलेले. पोट एवढं पुढे आलं की मशीन मांडीजवळ घेता येईना, हात पुरेनात. तेव्हा एका दुपारी वहिनीने ते तिच्यापुढे सरकवलं. म्हणाली, नाहीतरी पडून राहणार, तू बस. चार-चार कळा एकदम दाबायच्या, एका दाबात अख्खा शब्द. वहिनी पलंगावर आडवी पडून वर्तमानपत्र वाचून दाखवायची, मुद्दाम भराभर, आणि हिचं चुकलं की पोटावर हात ठेवून म्हणायची, बघ गं, तुझ्या आत्याला जमत नाही. त्या पोटातली मुलगी म्हणजे भाची. जन्मायच्या आधीपासून तिने त्या कळांचा आवाज ऐकला होता, असं वहिनी सगळ्यांना सांगते. कुणी काही दिलं म्हणजे ते असं द्यावं, हातात ठेवून, मागे काहीही न ठेवता. आणि मी काय देतेय... पिवळा रंग.

वर्ग वरच्या मजल्यावर होता. जिना चढताना तिला वाटलं, पाय मुरगळला तर बरं होईल. पण पाय धड होते.

मुलं फार नव्हती. भाची दुसऱ्या रांगेत बसली होती, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. आत्याला पाहून ती किंचित हसली आणि चारचौघांत ओळख दाखवू नये म्हणून लगेच गंभीर झाली. वहिनी आधीच भिंतीशी मशीन लावून तयार होती. वर्गाचा हा नेहमीचा शिरस्ता : आत्या बोलायची, वहिनी लिहायची आणि बोललेलं सगळं त्याच क्षणी मागच्या भिंतीवर उमटायचं. ते बघूनच मुलं भुलायची. हा शिरस्ता तिनेच पाडला होता, आणि आज सकाळपासून तिला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

ती बोलायला लागली. न्यायालयांमध्ये काम वाढतं आहे. भिंतीवर आलं : न्यायालयांमध्ये काम वाढतं आहे. कुशल लघुलेखकांचा तुटवडा आहे. तेही आलं, स्वच्छ, काळं, पूर्णविरामासकट. स्वतःचं बोलणं असं लिहून आलेलं तिने कधी नीट वाचलं नव्हतं. ते खरं दिसत होतं. तिला वहिनीची जुनी शिकवण आठवली – ऐकू नकोस, नुसतं घे. अर्थ लावायला गेलीस की मागे पडशील. त्या शिकवणीचा तिने आता आधार घेतला. वहिनी ऐकत नाहीये. वहिनीच्या बोटांतून हे नुसतं निघून चाललंय, नळातून पाणी जावं तसं, आणि वहिनीला त्याचा पत्ताही नाही. तिने आलेख दाखवला, दोन्ही रेघा समजावल्या, मधल्या जागेला संधी म्हटलं. सकाळपेक्षा आवाज चांगला लागला होता.

"काही शंका?"

भाचीने हात वर केला. "आत्या... म्हणजे मॅडम. ही जी मधली जागा आहे, ती मी शिकून तयार होईपर्यंत माणसांसाठीच राहील ना?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. भिंतीवर वहिनीने सवयीने कोर्टातल्यासारखंच लिहिलं. 'प्रश्न :' आणि पुढे भाचीचं वाक्य, 'आत्या'सकट. त्याखाली 'उत्तर :', आणि त्यापुढे कोरी भिंत.

तिने मान हलवली. होकारार्थी, अगदी थोडी. भिंतीवर काही आलं नाही.

"तोंडाने सांगावं लागेल," वहिनी म्हणाली, साक्षीदाराला सांगायच्या त्या मऊ, कोरड्या आवाजात. "हलवलेली मान लिहिता येत नाही."

मुलं हसली, भाचीही हसली. तीही हसायला गेली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. आठवडाभर तिचा जीव एवढ्यासाठीच टांगणीला लागला होता, की कुणी सरळ विचारलं तर काय होईल. आता कुणीतरी विचारलं होतं, आणि भीती वाटत होती ती भलतीच, की काहीच होणार नाही. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो. वहिनीच्या हाताचा एक दाब. ते भिंतीवर उमटेल, बाकीच्या वाक्यांसारखंच खरं दिसेल, उद्या सकाळी राजीनामा जाईल, आणि कुणी कधी मला विचारणार नाही... सगळे खरे आकडे तिच्या डोक्यात रांगेने उभे होते, आणि त्यातला एकही त्या 'उत्तर'पुढे बसत नव्हता.

वहिनीने मान वर केली. लिहिताना ती कधीच कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. आता मात्र बोटं कळांवर तशीच टेकवून ती हिच्याकडे पाहत होती, रागाने नाही, संशयानेही नाही, नुसती, हिला बरं वाटत नाहीये की काय अशा नजरेने. आणि हिला स्वतःविषयी एक गोष्ट समजली, जी समजली नसती तर बरं झालं असतं. आपण इथे उभ्या आहोत त्या धीर गोळा करण्यासाठी नाही. वहिनीने नजर खाली घ्यावी आणि 'हो' म्हणून टाकता यावं, एवढ्याचीच आपण वाट पाहत आहोत.

वहिनी पाहतच राहिली.