माझ्यातली रिकामी जागा

मी एक डबा बोलतोय. पोटात बॅटरी, तोंडाला जाळी आणि गळ्यात सगळे दुसऱ्यांचे आवाज. जखमी ससा, पकडलेला उंदीर, हरणाचं पाडस. स्वतःच्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलतोय.

अमेरिकेत, वायोमिंगमधल्या एका दुकानात मी फळीवर पेंगत असताना ऑरिन आणि त्याची बायको लव्हॉन मला भेटली. त्यांच्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि कोयोट, म्हणजे इथल्या माळावरचे कोल्हे, कोकरं उचलत होते. ऑरिन जन्मभर जखमी सशासारखी शिट्टी फुंकून त्यांना बंदुकीच्या टप्प्यात बोलवायचा. आता त्याच्या छातीत तेवढा दम उरला नव्हता. यंत्र घेणं त्याच्या जिवावर आलं होतं. आम्हा डब्यांपैकी कुणाचा आवाज किती लांब जातो ते दुकानदार सांगत राहिला. ऑरिन मात्र डोळे मिटून एकेकाला ऐकत होता. एक फार कर्कश निघाला, एक खरखरला. मग माझा ससा रडला.

"हा शेवटी शेवटी दमतो," ऑरिन म्हणाला.

"तुझ्यासारखाच," लव्हॉन म्हणाली. "चल, हाच घेऊ."

पहाटे तो मला सेज नावाच्या रानझुडपात ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचा. रिमोटचं बटण त्याच्या हातात, बंदूक लव्हॉनच्या. धुक्यात माझा आवाज तरंगत जायचा आणि माळ कान टवकारायचा. कोयोट मोठे धूर्त. वळसा घालून, वारा हुंगत यायचे. तरी काही फसले. बरीच कोकरं वाचली.

एका सकाळी ऑरिनने कोयोटच्या पिल्लांचं रडणं वाजवलं. एक मादी सरळ माझ्यावरच धावत आली. वळसा नाही, वारा हुंगणं नाही. लव्हॉनने गोळी झाडली.

दोघं जवळ आली. मादीच्या दातांत कोकराची लोकर होती आणि सडांत दूध.

दुपारपर्यंत त्यांनी तिचं बीळ शोधलं. सापडलं नाही. सांजावताना पलीकडच्या उतारावरून पिल्लांचं रडणं आलं. ऑरिनने दचकून माझ्याकडे पाहिलं.

मी बंद होतो.

पानगळीत ऑरिन गेला. लव्हॉनने मेंढ्या विकल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत धूळ खात राहिलो. कधी कधी ती मला पुसायची, पण वाजवायची नाही.

काल शेजारची विल्मा आली. तिचीही कोकरं जाताहेत. मला देण्याआधी लव्हॉन बराच वेळ माझी बटणं दाबत बसली होती.

"ससा आहे, उंदीर आहे," ती म्हणाली. "पिल्लांचा आवाज मात्र मी काढून टाकलाय."

"पण आईला तोच आवाज ओढून आणतो ना?"

"हो," लव्हॉन म्हणाली. "म्हणूनच."

उद्या पहाटे मी पुन्हा झुडपात असेन. माझा ससा रडेल, दमेल. कोकरं जगायला हवीत, हे मलाही कळतं. पण माझ्यात आता एक जागा रिकामी आहे. तिथे नुसता वारा ऐकू येतो. विल्मा, तेवढी ती जागा भरू नकोस.