पाल्याच्या दिवसांतली पाहुणी

एप्रिलच्या शेवटी होसियतच्या घरात माणसांना जागा नव्हती. तिन्ही खोल्यांत जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर रेशमाचे किडे होते. चौथी कात टाकून ते नुकतेच उठले होते. आता आठ-नऊ दिवस त्यांना खाण्याशिवाय दुसरं काम नव्हतं आणि घरातल्या माणसांना त्यांना खायला घालण्याशिवाय. होसियत, तिचा नवरा एशमुरोद आणि सासू नोरबीबी, तिघांनी व्हरांड्यात बिऱ्हाड मांडलं होतं. गाद्या, रजया, चहाची किटली, सासूबाईंची औषधाची डबी, सगळं एका कोपऱ्यात. ओकतूत या उझबेक गावात या दिवसांत कुणी कुणाच्या दारी जात नसे. लग्नाची बोलणी थांबत. भांडणंसुद्धा लोक पुढं ढकलत.

अशात एका संध्याकाळी एशमुरोद तुतीच्या पाल्याची गाडी घेऊन फाटकातून आत आला, तर गाढवाच्या मागोमाग एक परदेशी बाई चालत आली. साठी उलटलेली, उंच, पाठीवर मोठी पिशवी, बुटांना चिखल. अंगणाच्या मधोमध येऊन तिनं छातीवर हात ठेवला आणि मान लववली.

होसियतनं तिला सलाम केला, बसायला गादी टाकली, आणि मग नवऱ्याला गाडीआड गाठलं.

"हे काय आणलंत?"

"टॅक्सीवाल्यानं पुलापाशी सोडून दिली. वरच्या गावात पाहुण्यांसाठी घर चालवतात ना, तिथं जायचं होतं तिला. त्यांनी फोनवर नाही म्हटलं. खोल्यांत किडे आहेत म्हणाले."

"बघा. त्यांना अक्कल आहे."

"त्यांचा तो धंदा आहे, ते नाही म्हणू शकतात," एशमुरोद फांद्या उतरवत म्हणाला. "आपण कसं म्हणणार?"

दारी आलेल्याला परत लावायची रीत होसियतच्या माहेरीही नव्हती आणि सासरीही. पण खरी अडचण जागेची नव्हती, नोरबीबीची होती. सगळं गाव तिला एना म्हणे, म्हणजे आई. ऐंशीला टेकलेली ही बाई किड्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसे. प्रत्येक खोलीच्या दाराला तिनं जाड पडदा लावला होता, पडद्यावर लाल मिरच्यांची माळ, आणि सकाळ-संध्याकाळ इसिरिकच्या वाळक्या झुडपाची धुरी. शेवटच्या आठवड्यात परक्याची नजर किड्यांवर पडली तर ते कोष बांधत नाहीत, हे तिनं तिच्या सासूकडून ऐकलं होतं आणि तिच्या सासूनं तिच्या.

"बाईला व्हरांड्याच्या पार त्या टोकाला झोपव," एना म्हणाली. "आणि खोल्यांत काय आहे ते बोलू नकोस."

पाहुणी एस्टोनियाची होती. होसियतनं शाळेत शिकलेलं रशियन तीस वर्षांनी बाहेर काढलं, तर ते गंजलेलं का होईना, निघालं. बाईचं रशियनही जुन्या काळचंच होतं, त्यामुळे दोघींचं जमलं. नाव विचारलं, तर ती म्हणाली, "हेल्वे."

एनाला ऐकू कमी यायचं. "हलवा? नाव गोड आहे. आईनं हौसेनं ठेवलेलं दिसतंय."

होसियतनं ते रशियनमध्ये सांगितल्यावर बाई मनापासून हसली आणि तेव्हापासून घरात ती हलवा ओपा झाली. ओपा म्हणजे थोरली बहीण. होसियतपेक्षा ती सतरा वर्षांनी मोठी होती.

जेवायला तंदूरची नान होती, दही होतं आणि रानभाजीचं सारण भरलेले सामसे होते. जेवता जेवता पाहुणीनं कान टवकारले. पडद्यांमागून सारखी बारीक सरसर येत होती.

"पाऊस आहे का?" तिनं विचारलं.

होसियतनं प्रश्न सासूला सांगितला. एनानं नान मोडता मोडता सांगितलं, "हो म्हण."

आभाळ स्वच्छ होतं, वर पहिली चांदणी दिसत होती. होसियतनं खाली मान घालून सांगितलं, "हो, पाऊसच." पाहुणीनं एकदा वर बघितलं, मान हलवली, आणि चहाचा पियाला पुढं केला. पण बसली ती तेव्हापासून खोल्यांकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी पहाटेच एशमुरोद नदीपलीकडे पाला तोडायला गेला. अलीकडची झाडं गावानं ओरबाडून काढली होती, नुसते खुंट उरले होते. तो गेला आणि तासाभरात खरोखरचा पाऊस आला. डोंगरात रात्रीपासूनच पडत असावा, कारण नऊ वाजेपर्यंत नदी लाल झाली आणि पुलावरून वाहू लागली. एशमुरोदचा फोन आला.

"मी इकडंच अडकलोय. गाडी भरलेली आहे, पण पाणी उतरेपर्यंत काही खरं नाही. घरात किती आहे?"

"दुपारपर्यंत पुरेल. तेही ताणून," होसियत म्हणाली.

"शेजारी विचार."

"शेजाऱ्यांकडे किडे नाहीत का? कोण देईल?"

"एनाला विचार," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

काय विचारायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. अंगणात पांढऱ्या तुतीचं मोठं झाड होतं. होसियतच्या सासऱ्यांनी त्यावर गोड जातीचं कलम केलं होतं, आणि किड्यांसाठी त्याला आजवर कुणी कोयता लावला नव्हता. जूनमध्ये त्याची फळं चादरीवर झाडून घ्यायची, छपरावर वाळवायची, कुटून पीठ करायचं. हिवाळाभर एना सकाळी चहाबरोबर त्या पिठाची चिमूट तोंडात टाकायची. दात गेल्यापासून तिचा तोच नाश्ता होता. आत्ता झाडावर हिरवी बारीक फळं धरली होती.

होसियत सासूपुढं जाऊन उभी राहिली. तोंड उघडायच्या आत एना म्हणाली, "कळलं मला. शिडी आण."

"एना, फळं जातील."

"फळांना काय, पुढच्या वर्षी येतील. हे बिचारे आज उपाशी राहिले तर पुढचं वर्ष नाही त्यांना."

शिडी आली. पण होसियतचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यात निखळला होता. खालच्या फांद्या ती तोडू शकली, त्या अर्ध्या खोलीलाही पुरल्या नसत्या. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ती दात दाबून उभी होती, तेव्हा मागून आवाज आला.

"उतर. मी चढते."

हलवा ओपा बूट काढून उभी होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"नाही नाही, तुम्ही पाहुण्या," होसियत घाबरून म्हणाली.

"मी तीस वर्षं मधमाश्या पाळल्या. माश्यांचा थवा उडून झाडाच्या शेंड्यावर बसला की आणायला कोण जायचं? माझा नवरा खाली उभा राहून सूचना द्यायचा."

"काय म्हणते?" एनानं विचारलं. होसियतनं सांगितलं.

"नवरे सगळीकडे सारखेच," एना म्हणाली. मग कपाळाला हात लावला. "पाहुणीला झाडावर चढवलं. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही देवानं."

पण तिनं नाही म्हटलं नाही. बाई चढली. सावकाश, एकेक फांदी हातानं हलवून बघत, मग पाय टाकत. पाऊस बारीक झाला होता. वरून कोयत्याचे ठोके ऐकू येत होते आणि फांद्या सुळसुळत खाली येत होत्या. होसियत त्या ओढून व्हरांड्यात नेई. तिथं एना मांडीवर फडकं घेऊन पान न् पान पुसत होती. ओला पाला किड्यांच्या पोटात गेला तर ते काळे पडून मरतात. तासाभरानं बाई खाली आली, तिच्या हातांना तुतीचा चीक लागला होता आणि कोपर खरचटलं होतं. हात धुऊन ती एनाच्या शेजारी बसली आणि दुसरं फडकं उचललं.

दोघी म्हाताऱ्या बराच वेळ पुसत राहिल्या. एकीचं दुसरीला कळत नव्हतं, तरी एना बोलत होती. नवऱ्यानं कलम कसं केलं, पहिल्या वर्षी सात फळं कशी आली. बाई मान हलवत होती. मग एकदा एना होसियतला म्हणाली, "विचार तिला. काल आली तशी पाठ फिरवून का बसलीय?"

होसियतनं विचारलं. बाई पान पुसता पुसता म्हणाली, "पडद्यावर मिरच्या बघितल्या. आमच्याकडे मिरच्या नसतात, पण नवख्या माणसाला मधमाश्यांच्या पेट्यांजवळ आम्हीही जाऊ देत नाही. पाऊस म्हणून सांगितलंत, तेव्हा समजले की बघायचं नाही."

होसियतचे कान तापले. तिनं ते जसंच्या तसं उझबेकमध्ये सांगितलं. एनाचं फडकं थांबलं. मग ती पुन्हा पान पुसायला लागली.

दुपार कलली. पहिल्या खोलीतल्या किड्यांना होसियतनं एकटीनं पाला घातला. मांडण्यांवर फांद्या आडव्या-उभ्या ठेवायच्या, आधीच्या काड्या ओढून काढायच्या, खालची घाण भरायची, उबेसाठी चूल पेटती ठेवायची. एरवी हे तिघांचं काम. दुसऱ्या खोलीत ती वरच्या मांडणीपासून सुरुवात करायला गेली तेव्हा तिचा हात वर जाईना. तिसऱ्या खोलीतली सरसर थांबली होती. तिथल्या किड्यांपाशी खायला काही उरलं नव्हतं. ती बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली आणि खांदा धरून राहिली.

एना उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीला धरून उठली. चुलीतला निखारा तव्यावर घेतला, त्यावर इसिरिक टाकलं, आणि धूर घेऊन पाहुणीभोवती तीनदा फिरली. डोक्यावरून, पाठीवरून, पायांशी. मग तिनं स्वतः मधल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

"सांग तिला," ती सुनेला म्हणाली. "आत ये म्हणावं. पण किती छान, किती गुबगुबीत असलं काही बोलायचं नाही."

होसियतनं सांगितलं. हलवा ओपा वाकून आत गेली. आत ऊब होती आणि चिरडलेल्या पानांचा वास. करंगळीएवढे पांढरे किडे हजारोंनी पडले होते, माना वर करून, वाट बघत. बाईनं पहिली फांदी ठेवली. थोड्याच वेळात पानांना कडा राहिल्या नाहीत आणि खोलीभर सरसर सुरू झाली. ती खाली वाकून बघत राहिली. मग एनाकडे वळून, होसियतकडून तेवढ्यातच शिकून घेतलेला शब्द गंभीरपणे म्हणाली,

"कुरूप. फार कुरूप."

एना आधी दचकली. मग हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. होसियतनं पाणी आणून दिलं, तरी पाण्याच्या घोटाबरोबर हसू येतच होतं. "शहाणी आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "हलवा शहाणी आहे."

संध्याकाळपर्यंत तिन्ही खोल्यांतले किडे जेवले. रात्रीचा पाला होसियत आणि हलवा ओपा दोघींनी मिळून घातला, पहाटेचाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नदी उतरली आणि एशमुरोद भरली गाडी घेऊन आला. फाटकातच थांबून तो आपल्या झाडाकडे बघत राहिला. बोडकं झालं होतं, शेंड्याला चार पानं. मग त्याला व्हरांड्यात पाहुणी दिसली, भर दुपारी उशाला हात घेऊन झोपलेली, बोटं हिरवी-काळी.

"शेंड्यापर्यंत कोण गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

"आवाज करू नका," होसियत म्हणाली. "झोपू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाहुणीला गाडीत बसवून पुढच्या वाटेला लावलं. एनानं चार नान फडक्यात बांधून दिल्या, शिवाय डब्याच्या तळाशी उरलेलं तुतीचं पीठ पुडी करून तिच्या खिशात कोंबलं. होसियतला वाटलं, आता एना हिवाळ्यात काय खाणार? बायकांनी गळाभेट घेतली. निरोपाचं रशियन दोघींनाही धड आठवेना.

चार दिवसांनी किडे पिवळसर, पारदर्शक झाले आणि मांडण्यांवर ठेवलेल्या वाळक्या झुडपांच्या जुड्यांवर चढू लागले. पहिल्या आणि मधल्या खोलीत दाट कोष बांधले गेले. तिसऱ्या, लहान खोलीत मात्र अर्धेअधिक किडे काळे पडले आणि खाली गळाले. होसियतनं ते सुपात भरून मागच्या बाजूला पुरले. सासू आता काय म्हणेल, याचाच तिला घोर लागला होता.

कोष तोडायला शेजारणी आल्या. त्यांतली सबोहत जुडीतून कोष सोडवता सोडवता म्हणाली, "एना, लहान खोली गेली म्हणे. परक्या बाईला आत घेतलंत असं ऐकलं गावात."

व्हरांड्यातले हात थांबले. होसियतनं वर बघितलं नाही.

"ओला पाला गेला पोटात," एना म्हणाली. "मी पुसलेला. म्हातारीला थेंब दिसतात का? तिनं पुसलेला मधल्या खोलीत गेला, तिथले कोष बघ, टोपल्या भरून वाहतायत."

सबोहत पुन्हा कोष सोडवू लागली. कुणाचा पाला कुठल्या खोलीत गेला ते त्या दिवशी कुणी बघितलं नव्हतं. सगळा एकाच ढिगात पडला होता, हे होसियतला पक्कं माहीत होतं. तिनं सासूकडे पाहिलं. सासू कोषाला चिकटलेली काडी नखानं काढत होती, आणि काम महत्त्वाचं असल्यासारखा चेहरा करून होती. होसियतनं उठून सगळ्यांसाठी चहा टाकला आणि पहिला पियाला तिच्यापुढं ठेवला.

कोष विकायला गेले. एशमुरोदनं मांडण्या सोडवून भिंतीला लावल्या. होसियतनं खोल्या धुतल्या, भिंतींना चुना दिला, दोन दिवस दारं सताड उघडी ठेवली. मग गाद्या आत नेल्या. महिनाभरानं प्रथमच ती खोलीत झोपली. सकाळी ऊन खिडकीतून तिच्या पायांपर्यंत आलं तरी तिला जाग आली नव्हती. अंगणात गाय हंबरली, तेव्हा एशमुरोद होसियतला हाक मारायला दाराशी आला. एनानं त्याला बाहेरूनच परत पाठवलं आणि धारेची बादली त्याच्या हातात दिली.