सतरा नंबरचा दगड

त्या दिवशी बाबा संत्र्याच्या बागेत वाट चुकले आणि आम्ही सगळे त्यावर हसलो.

लोधीखेड्याच्या दक्षिणेला ती जुनी बाग होती. झाडं एकमेकांत शिरलेली. वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही. बाबा सीमेची जुनी खूण बघायला एकटेच आत गेले आणि थोड्या वेळानं त्यांची हाक आली, "विजू."

"ओ," मी म्हटलं.

"देत राहा ओ. मी आवाजावर येतो."

मी ओ देत राहिले. ते फांद्या चाचपत, एक बुंधा सोडून दुसरा धरत बाहेर आले. डोक्यावरची टोपी आतच कुठंतरी काट्याला लागून राहिली होती.

"साहेबाची टोपी मुंबई राज्यात गेली," मोजणीतला बाबांचा गडी कवडू म्हणाला. "आता परवाना काढा लागते."

"तूच जाऊन आण. तुझं नाव कोणत्याच यादीत नाही, तुला कोण अडवते," बाबा म्हणाले.

दुसरा गडी भिवाजी सहसा हसत नसे, तोही हसला. मग बांधावर बसून आम्ही चौघांनी भाकरी खाल्ली. बाबांनी कांदा फोडून त्याचा आतला गोड भाग माझ्या भाकरीवर ठेवला. लहानपणापासून ते तसंच करत आले होते. टोपी आणायला कोणीच गेलं नाही.

१९५६चा ऑक्टोबर संपत आला होता. पहिल्या नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं आणि आमचं सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार होतं. आजवर जी दोन जिल्ह्यांमधली सीमा होती, ती आता दोन राज्यांमधली होणार होती. तिच्यावरचे जुने दगड लोकांनी केव्हाच उंबऱ्यांना आणि विहिरींच्या काठांना लावले होते. ते अठरा दगड पुन्हा बसवण्याचं काम बाबांकडे आलं होतं.

बाबा, म्हणजे मोरेश्वर मोजणीदार, तेवीस वर्षं हेच काम करत होते. पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोणता नोकर कोणत्या राज्यात जाणार याच्या याद्या तेव्हा तयार होत होत्या, आणि न दिसणाऱ्या मोजणीदाराला कोणत्या यादीत घेतील याची बाबांना खात्री नव्हती. म्हणून कचेरीला काही कळवलं नव्हतं. मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीची सुटी लागताच मी त्यांच्याबरोबर आले आणि मोजणीवही लिहू लागले. कवडूला आणि भिवाजीला हे माहीत होतं. ते कोणाजवळ बोलले नाहीत.

आमच्या कामाची रीत अशी होती. जरीब म्हणजे सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची लोखंडी साखळी. तिचं पुढचं टोक कवडूकडे, मागचं भिवाजीकडे. कवडू पुढे चालत जाई, जरीब ताणली की ओरडे, "जरीब." भिवाजी आपलं टोक खुणेवर पक्कं धरून म्हणे, "ओ." ते ऐकल्यावरच कवडू जमिनीत खुणेची लोखंडी सुई रोवी आणि मी वहीत एक रेघ ओढी. ओ आल्याशिवाय जमीन मोजली गेली असं बाबा मानत नसत. दिवसातून शंभर-दीडशे वेळा ही हाक आणि हा ओ होई.

आमच्याकडे शेतारानात एक जुनी समजूत आहे. आडरानात, भर दुपारी किंवा दिवेलागणीला हाक आली तर पहिलीला ओ द्यायचा नाही, दुसरीला द्यायचा नाही. तिसरी आली तर ते माणूस. दुसऱ्या कशाला तिसरी हाक मारता येत नाही. भिवाजी हे घरीसुद्धा काटेकोर पाळायचा. बाबा त्याला चिडवायचे, "प्रत्येक ओ तिसऱ्या हाकेला देशील, तर दुसरी राज्य-पुनर्रचना होईपर्यंत आपण इथंच राहू." म्हणून भिवाजी घरी तिसऱ्या हाकेला बोले, आणि जरिबीवर पहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलबंडीतून दगड उतरवताना सतरा नंबरचा दगड मधोमध फुटलेला निघाला. नवा आणायचा तर सौंसरला जाऊन येण्यात दिवस गेला असता. कवडू इकडेतिकडे बघत नाल्यात उतरला आणि त्यानं खालूनच हाक दिली, "साहेब, हे पाहा."

नाल्याच्या काठात एक काळा दगड निम्मा रुतला होता. गुडघ्याएवढा, गुळगुळीत. त्याच्याभोवतीची माती विटेसारखी भाजली होती आणि हातभर अंतरात गवताची काडी उगवली नव्हती.

"श्रावणात इथं तारा पडला म्हणून राहिले होते लोकं," भिवाजी म्हणाला. "कायले लावता हात."

"उल्का आहे," बाबा म्हणाले. "लोखंड असते यात. विजू, तू वाचलं असशील." मी मान डोलावली. मीही तेच म्हटलं असतं. "बरं झालं. इतका जड दगड कोणी उंबऱ्याला नेणार नाही."

कवडूनं आणि भिवाजीनं तो बागेच्या कडेला आणून सतराव्या जागी पुरला. ऊन चांगलं तापलं होतं. मी दगडावर चुन्यानं आकडा काढला तेव्हा बोटांना तो विहिरीच्या तळासारखा थंड लागला. मी हे कोणाला सांगितलं नाही.

सतरापासून अठराकडे मोजणी निघायची होती. भिवाजी जरिबीचं टोक दगडावर धरून उभा राहिला, पाठ आमच्याकडे. कवडूच्या पायात काटा भरला होता म्हणून तो माझ्याशेजारी बसून काटा काढत होता. तेवढ्यात "जरीब" अशी हाक आली. कवडूच्याच आवाजात.

"ओ," भिवाजी म्हणाला.

कवडू हातात काटा धरून माझ्याकडे बघत राहिला. "बाई, मी बोललो काय?"

तो बोलला नव्हता. हाक दगडाच्या बाजूनं आली होती.

बाबांना वाटलं बागेत कोणी थट्टा करून राहिलंय. काम सुरू झालं. पहिल्या तीन जरिबी नेहमीसारख्या झाल्या. चौथ्या वेळी भिवाजीचा ओ हाकेला लागून आला. पाचव्या वेळी हाकेच्या आधी आला. कवडू तोंड उघडायच्या बेतात होता आणि मागून ओ आला होता.

"भिवा, नोको करू अशी थट्टा," कवडू म्हणाला.

भिवाजी जरिबीची एकेक कडी बोटांनी चाचपत होता. एक कडी त्यानं जिभेला लावून पाहिली. मी त्याला तांब्यातून पाणी दिलं, तर धार हातावर पडताना तो बघत राहिला आणि त्यानं विचारलं, "हे काय हाय?" आवाज त्याचाच होता.

मग तो अठराच्या दिशेला न बघताच म्हणाला, "चौतीस जरिबी, बावन्न कड्या."

आम्ही पाचच मोजल्या होत्या. बाबांनी मला मागचं टोक धरायला लावलं आणि उरलेली सगळी रेषा कवडूकडून मोजून घेतली. चौतीस आणि बावन्न. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. ते मला म्हणाले, "वहीत लिही." मी लिहिलं. अजून ते अक्षर मला माझं म्हणून ओळखू येत नाही.

कवडूनं परत येऊन जरीब दगडापाशी टाकली आणि तो सरळ भिवाजीपाशी गेला. दोघं लहानपणापासूनचे सोबती होते. त्यानं त्याचे खांदे धरून हलवले. "भिवा, काय झालं बाप्पा तुले? घरी चाल."

"कवडू," भिवाजी म्हणाला.

"ओ, बोल ना."

कवडूचे हात तिथंच थांबले. मग ते हळूच खाली आले, त्याचे नसल्यासारखे. दोघंही वळले आणि सतरा नंबरच्या दगडाकडे तोंड करून उभे राहिले. अंगावर ऊन होतं, पण त्यांनी डोळे किलकिले केले नाहीत.

बाबा माझ्याजवळ आले. "बंडी जुंप. यांना जामसावळीला हनुमंताच्या देवळात नेऊ."

"डॉक्टर सौंसरला आहे," मी म्हटलं.

"डॉक्टर मग. आधी हनुमंत."

आजवर मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी बैल जुंपले. हाताला धरलं तर दोघं मुकाट चालत होते. बंडीत बसवल्यावर मात्र त्यांनी पुन्हा दगडाकडे तोंड केलं.

"मी जरीब घेऊन येतो," बाबा म्हणाले.

"राहू द्या ती."

"सरकारी आहे, माझ्या नावावर आहे. सोडून गेलो तर लोक विचारतील का सोडली, मग सगळंच विचारतील." ते दोन पावलं गेले आणि मागे फिरले. "विजू, आतून माझी हाक आली तर लगेच ओ नको देऊ. तिसरीपर्यंत थांब."

ज्या माणसानं भिवाजीला आयुष्यभर चिडवलं, तो मला हे सांगत होता. ते बागेच्या कडेनं दगडाकडे गेले आणि फांद्यांआड दिसेनासे झाले. जरिबीचा आवाज आला, कड्या गोळा होत असल्याचा. मग तो थांबला.

"विजू."

वाट चुकल्यावर मारली होती तीच हाक. कालचीच. मी बंडीचा दांडा धरून बसले.

"विजू, इकडून दिसत नाही मला."

ही दुसरी. मी पदर दातांत धरला. तिसरीची वाट बघत होते. तिसरी आली की मी ओरडणार होते, धावत जाणार होते.

आणि मग बागेतून आवाज आला, "ओ."

तो माझा आवाज होता. काल मी दिलेला ओ होता, तसाच, थोडा हसू दाबलेला.

"देत राहा," बाबा म्हणाले. "मी आवाजावर येतो."

ओ. ओ. ओ. दगडाच्या बाजूनं माझा आवाज येत राहिला. बाबांची पावलं वाळल्या पानांवरून त्याच्याकडे जाताना मला ऐकू येत होती. एक बुंधा, मग दुसरा. मी तोंड उघडलं असतं तर ते थांबले असते. नियम आता कशालाच लागू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी नियमासाठी गप्प बसले नाही. ओ दिला तर दगडाशी जे काही होतं ते माझ्याकडे वळेल, या भीतीनं गप्प बसले.

पावलं थांबली.

थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. काहीही न चाचपता, फांद्या नेमक्या चुकवत, सरळ. जरीब हातात नव्हती. माझ्या मांडीवर वही उघडी होती. वीस पावलांवरूनच ते म्हणाले, "पाचव्या ओळीत सातचा आकडा खोडला आहेस."

त्यांनी दोर हातात घेतला तर बैल मागे सरले. शेवटी मी खाली उतरले आणि वेसणीला धरून बैल चालवत नेले. ऊन उतरेपर्यंत चालले. मागे ते तिघं पाठमोरे बसले होते. मी वळून पाहिलं नाही. तिघांचा श्वास एकदम आत जातो आणि एकदम बाहेर येतो, ते मला ऐकू येत होतं.

जामसावळीला निजलेल्या हनुमंताच्या पुढ्यात आम्ही सात दिवस राहिलो. कवडूची बायको कलाबाई आली. ती नवऱ्याच्या समोर बसे आणि दिवसभर त्याच्या नावानं हाका मारी, शिव्याही देई. तिसऱ्या दिवशी कवडू रडला आणि त्यानं तंबाखू मागितली. पाचव्या दिवशी भिवाजीनं पाण्याला पाणी म्हटलं.

"बाई, तू मार ना हाक," कलाबाई मला म्हणाली. "पोरीनं हाक मारली तं बाप येतेच."

मी मारली. "बाबा" म्हणायला ओठ मिटले की समोरून उत्तर येई, "ओ." दरवेळी. माझा शब्द पुरा होऊच देत नसे. कलाबाईनं एकदा ते ऐकलं आणि मग तिनं मला आग्रह केला नाही.

त्यानंतर चौदा महिने तो माणूस पांढुर्ण्याच्या आमच्या घरी राहिला. त्याला दूरच्या पाट्या वाचता येत. कचेरीनं त्याला यादीत घेतलं, कामाची तारीफ केली. तो वेळेवर जेवे, वेळेवर निजे. मला विजया म्हणे. कांदा फोडला तर सगळा स्वतःच खाई. १९५८च्या जानेवारीत एका सकाळी तो खुर्चीत गेलेला आढळला, लोधीखेड्याच्या दिशेला तोंड करून. लोक म्हणाले, मोरेश्वरांना शांत मरण आलं. मी सगळे विधी केले. रडू मात्र आलं नाही, कारण ज्याच्यासाठी रडायचं तो त्या खुर्चीत नव्हता.

तेरवी झाल्यावर मी बागेत गेले. कवडू सोबत होता. बांधापाशी तो थांबला.

"याच्यापुढं मी नाई येत बाई. मी होतो तिकडं." मग म्हणाला, "साहेबही होते. चाचपून राहिले होते. त्याइले वाट नाई दिसत होती."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तं तुमी इथंच आल्या असत्या." त्यानं जमिनीकडे पाहिलं. "हाक आली तं ओ नोका देऊ."

भर दुपार होती. संत्री पिवळी झाली होती. दगडावरचा माझा आकडा अजून होता, आणि भोवती हातभर जमीन उघडी होती. हात पोचणार नाही इतक्या आतल्या काट्याला बाबांची टोपी अडकली होती, पावसानं करडी झालेली.

मी दगडाकडे पाठ करून बंडीच्या जुन्या जागेवर उभी राहिले. खूप वेळ थांबले. तेव्हा राहून गेलेली तिसरी हाक आली नाही. पाखरूसुद्धा बोललं नाही. मी बोलले की इथलं दुसरं काहीतरी ऐकेल हे मला ठाऊक होतं.

"ओ," मी म्हटलं. "ओ, बाबा. मी इथं आहे. तो माझा आवाज नव्हता, हा आहे. ओ. या आवाजावर या."