आबांची शिट्टी

आमच्या आबांना मेंढरांतलं काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं माझ्या बत्तीस वर्षांत घडलेलं नाही. न विचारताही उत्तर येतं. आष्टीच्या बाजारात अनोळखी माणसाच्या मेंढीच्या पापण्या उलटून तिला जंत झालेत असं सांगायची त्यांना खोड. माझ्या धाकट्या भावाला, सत्यमला, जहाजावर नोकरी लागली तीही या विद्येवरच. मुंबईच्या एजंटानं विचारलं, अनुभव किती? सत्यम म्हणाला, जन्मापासून.

जहाज मेंढरांचं होतं. आठ मजले, हजारो मेंढरं, आणि ती सगळी परमुलखात लढणाऱ्या एका फौजेला खायला. आबांना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांचे खापरपणजोबा म्हणे इंग्रजांच्या फौजेसाठी इथून मुंबईपर्यंत मेंढरं हाकत गेले होते. बंदरात ती जहाजावर चढवली आणि हात हलवत परत आले. "फुडं त्या मेंढरांचं काय झालं, त्यान्ला कदी कळलंच न्हाई," असं सांगून आबा दरवेळी हळहळायचे. आता घरातलाच माणूस जहाजावर गेल्यानं ते गावभर मिरवत होते.

मग मे महिन्यात, जहाज जिथं मेंढरं उतरवणार होतं त्या परमुलखातल्या बंदरावर बॉम्ब पडले आणि बंदर बंद झालं. जहाज नांगर टाकून समुद्रातच उभं राहिलं. चालत्या जहाजात थोडीफार हवा खेळते. उभ्या जहाजात खालच्या मजल्यावर नुसतं तापलेलं लोखंड. सत्यमकडं खालची सहाशे मेंढरं होती. नवव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता.

"आबा, तीस मेली. समुद्रात टाकली. बाकीची जिभा काढून हापायलीत. काय करू?"

"अंगावर पानी मार. पाठी चिंब कर. घटकंत गार पडत्यात, बघ."

"साहेब न्हाई म्हनतो. वलं करू नको म्हनतो."

"त्येला काय कळतंय? त्यानं जल्मात मेंढरू राखलंय का? सांग त्येला, माझ्या बापानं सांगितलंय म्हनावं."

आबांचं काही चुकलं, असं मलाही वाटलं नाही. उन्हाळ्यात आम्ही हेच करतो. पाठीवर बादली ओतायची, माळावरचं वारं लागतं, थोड्या वेळात मेंढरू उठून चरायला लागतं.

दुपारी चारला व्हिडिओ कॉल आला. साहेबाच्या पाया पडून सत्यमनं पाइप मिळवला होता. आबांना दिसावं म्हणून त्यानं फोन गजाला बांधला. "आवाज न्हाई यायचा, आबा. पंप लई वरडतो," असं म्हणाला आणि आमच्याकडं पाठ करून कामाला लागला. तेवढ्यात इकडं आईनं वाडग्याचं फाटक उघडलं, आणि आमची मेंढरं तिच्या मागं चरायला निघाली.

आबा बाजेवर बसून मान डोलावत होते. मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"करिष्मा, हे पांढरं काय गं?"

वाफ होती. भाताचं झाकण काढावं तशी मेंढरांच्या पाठींवरून वाफ निघत होती.

"वारं न्हाई गं तिथं," आबा म्हणाले. "पानी वाळंना. लोकरीतच तापायलंय."

उभी होती ती मेंढरं बसायला लागली. बसलेल्यांनी माना टाकल्या.

"सत्या, बंद कर. पानी बंद कर, बाळा."

फोनमधून फक्त पंपाचा आवाज येत होता. मी माझ्या फोनवरून मेसेज पाठवला. तो पोचला, पण सत्यमचा फोन त्याच्या पाठीमागं गजाला बांधलेला. कॉल कापायला मन धजेना, परत लागेल याचा भरवसा नव्हता. मला आबांचा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. माझा भाऊ एकेका मेंढराचा कान हातानं झाकून पाणी मारत होता. कानात पाणी जाऊ देऊ नये, हे आबांनीच त्याला शिकवलं होतं.

शेवटी आबांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी वाजवली. या शिट्टीला आमचा कळप असेल तिथं थांबतो. लहानपणी सत्यमही थांबायचा, हातातली भाकरी तशीच धरून.

रस्त्याला लागलेली आमची सगळी मेंढरं जागच्या जागी उभी राहिली. काय झालं म्हणून आईही वळली. आबांनी परत शिट्टी वाजवली, मग परत.

फोनमध्ये सत्यमनं पाइप ओढला आणि तो पुढच्या मेंढीकडं गेला.