रस्त्याखाली गेलेली ओळ

“ती शेवटची ओळ वर घ्या. रस्ता चढत जातो,” असं एक तरुण नर्स सगळ्यांदेखत म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं होतं. मित्रांनो, मी टेकडीच्या पायथ्याशी, वळणावर उभी असलेली एक काळी शिळा. त्या दिवशी माझ्या अंगावर छिन्नीची ताजी धूळ होती, पुढ्यात खुर्च्या मांडल्या होत्या आणि मी तोऱ्यात होते. रस्ता कसा चढेल? रस्ता म्हणजे काय वेल आहे?

मला तिथे उभं केलं ते एका दुपारच्या आठवणीसाठी. त्या दुपारी टेकडीची एक बाजू सुटली आणि खालच्या घरांवर आली. पाऊस थांबलेला होता, छान ऊन पडलं होतं, लोकांनी अंथरुणं वाळत घातली होती. सकाळपासून एकच गोष्ट वेगळी होती. पायथ्याचा झरा गढूळ झाला होता. दवाखान्यात सुया उकळायला आणलेलं पाणी त्या नर्सनं दोनदा गाळलं, तरी ते चहासारखंच राहिलं. त्याचा अर्थ तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. तिचे आईवडील आणि धाकटी बहीण आता माझ्यावरच्या नावांमध्ये आहेत.

म्हणून तिनं हट्टानं एक ओळ कोरून घेतली : “झरा गढूळ झाला, तर ऊन असलं तरी टेकडीखालची घरं लगेच सोडा.” पण वरची जागा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना गेली. त्यांचं नाव एवढं ठळक, की परक्या माणसाला वाटावं, तेच गेले. मग तारीख, मग मेलेल्यांची नावं, आणि अगदी तळाशी, माझ्या पावलांजवळ, ती ओळ.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. शाळेतली मुलं रांगेनं यायची आणि शेवटची ओळ एका सुरात म्हणायची. मग मुलं येईनाशी झाली. कुणी माझ्या पाठीवर ‘केस गळतात काय?’ असा कागद चिकटवला. कुणी पान खाऊन जे करायचं ते केलं. “शिळेपाशी थांब, आलोच,” एवढाच माझा उपयोग उरला. आणि रस्ता खरोखरच चढू लागला. दर डांबरीकरणात जुन्या थरावर नवा थर पडायचा, रोडरोलर माझ्या अगदी अंगावरून गेल्यासारखा जायचा. आधी माझी पावलं गेली. मग ओळीची खालची अर्धी अक्षरं. मग अख्खी ओळ.

टेकडीखालची जागा मोकळी होती, झऱ्याचं पाणी हाताशी होतं. घरं पुन्हा उभी राहिली.

ती नर्स म्हातारी झाली. तिला सगळे सिस्टरबाई म्हणायचे. तिनं टोचलं नाही असं त्या वस्तीत कुणी नव्हतं. मिशा पिकलेले बाप्येसुद्धा तिला पाहून दंड झाकायचे. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे, टेकडीपासून लांब. रोज सकाळी ती ओलं फडकं घेऊन यायची, मला वरपासून पुसायची, बहिणीच्या नावापाशी जरा थांबायची आणि शेवटी काठीनं डांबरावर टकटक करायची.

माझ्या मागच्याच घरात एक शिंपीण राहायची. नवरा ट्रकवर, आठवडा-आठवडा बाहेर. तिचं शिलाई मशीन खिडकीशी, आणि नुकतं चालायला लागलेलं बाळ माझ्या पायाशी. मला दगडाचं काळीज आहे म्हणतात. पण ते पोर खडी तोंडात घालायचं, चाकांचा आवाज आला की रस्त्याकडे धावायचं, तेव्हा माझं काळीज लकलक करायचं.

आणि मग तो दिवस आला. पाऊस उघडला होता. शिंपिणीनं झऱ्यावरून बादली आणली, आणि मला दिसलं, पाणी चहासारखं होतं. मी दगड. ओरडणार कशी? बाळ आत, कापडांच्या ढिगावर झोपलं होतं.

तेवढ्यात सिस्टरबाई फडकं घेऊन आल्या. त्यांची नजर बादलीवर गेली आणि फडकं हातातून गळलं.

“बाळाला उचल. आत्ता.”

“अहो सिस्टरबाई, कडक ऊन पडलंय,” शिंपीण म्हणाली. “वर कुणीतरी खणत असेल. माझे शाळेचे गणवेश व्हायचेत.”

“हिच्यावर लिहिलंय.”

शिंपिणीनं मला वरून खालपर्यंत वाचलं. पाहुणे, तारीख, नावं. “कुठे लिहिलंय?”

सिस्टरबाई खाली बसल्या आणि काठीचं टोक डांबरात खुपसू लागल्या. समोरचा पंक्चरवाला पहार घेऊन आला, म्हातारीची एकदाची समजूत पटू दे म्हणून. एकेक घाव माझ्या हाडात जात होता, आणि मी म्हणत होते, आणखी खोल, आणखी. माझ्या मागे टेकडीवरून एक बारीक दगड घरंगळत आला. कुणाचं लक्ष नव्हतं.

डांबराची एक खपली उडाली. शिंपिणीनं पदरानं माती पुसली आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचू लागली. “झरा गढूळ झाला, तर... ऊन असलं तरी...”

तिनं वर पाहिलं. ऊन लखलखत होतं.

पुढची अक्षरं तिनं उकरलीच नाहीत. ती धावत आत गेली, बाळाला उचलून आली आणि घराघरासमोर थांबून हाका मारत सुटली. पंक्चरवाला दुसऱ्या टोकाला पळाला. कुणी हसलं, कुणी चपला शोधत बसलं, त्यांना सिस्टरबाईंनी काठीनं हाकललं. “टोचीन हं,” म्हणाल्या, आणि मोठी माणसंसुद्धा निघाली.

लोक वळणापलीकडे पोचले आणि टेकडी आली. मशीन गेलं, गणवेश गेले, घरं गेली. माणूस एकही गेलं नाही. मी मानेपर्यंत चिखलात होते, पण मला त्या पोराचं रडणं लांबून ऐकू येत होतं, आणि दगडाला एवढं सुख पुरे.

मित्रांनो, आता मी उंच चौथऱ्यावर आहे आणि ती ओळ सर्वांत वर आहे. पाहुण्यांचं नाव तळाला गेलं. वस्ती नदीपलीकडे हलली, शिंपीणही गेली. जाताना तिनं सिस्टरबाईंना चला म्हणून खूप विनवलं. पण त्या म्हणाल्या, हिला कोण पुसणार? या वळणावर आता त्यांचं एकच घर उरलंय.

आज सकाळी त्या आल्या नाहीत. कालही नाही. इथून मला त्यांचं दार दिसतं. कडीला दुधाची पिशवी कालपासून तशीच लटकलेली आहे आणि शेजारी आज दुसरी आली आहे. झरा गढूळ झाला की थांबायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं. मला पाय नाहीत. तुम्ही या रस्त्यानं जात असाल, तर माझं पुसणं राहू द्या. आधी पलीकडे जा आणि ते दार वाजवा.