साडेदहानंतरची तारीख

चंपतने सतराव्यांदा एंटर दाबलं आणि खुर्ची मागे ढकलून उभा राहिला. मोडेमची किरकिर थांबली, त्याचे दिवे स्थिरावले, आणि पडद्यावर तीच ओळ उमटली: समोरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

तो दारापर्यंत गेला. हायवेवरून सरकीच्या पोत्यांचा ट्रक नागपूरकडे गेला. तो परत आला. बसला. पुन्हा उठला.

“बस ना बाप्पा एका जागी,” वामनराव म्हणाले. “मशीन पळून नाई जाऊन राह्यली.”

“मशीन नाई काका, मीच पळून जाईन आता.”

कंपनी कापसाच्या बियाण्यांची. सगळ्या शाखांतल्या माणसांची नावं, हुद्दे, फोन हैदराबादच्या मुख्य कचेरीतल्या एका मोठ्या यंत्रात होते, आणि त्यापुढे फायरवॉलचा पहारा. आतल्यांना मोकळीक होती. बाहेरून, इचोड्यासारख्या ठिकाणाहून, एखादं नाव विचारायचं तर एकच बंदिस्त वाट. आधी तिकडचं यंत्र आपलं प्रमाणपत्र दाखवणार, इकडच्या यंत्राने ते खरं मानायचं, मगच पुढचं बोलणं. बारा एप्रिलला हैदराबादने जुनं काढून नवं प्रमाणपत्र लावलं, आणि इचोड्याचं यंत्र त्या दिवसापासून अडून बसलं.

आज सव्वीस. शनिवारी आदिलाबादहून मॅनेजर उद्धवरावांचा फोन आला होता. सोमवारी पाचपर्यंत नावं निघाली नाहीत तर इचोड्याचं टेबल निजामाबादला हलणार.

“आन् मी, साहेब?” चंपतने विचारलं होतं.

“टेबलासंगं मानूस जात नसते,” उद्धवराव म्हणाले होते.

*

प्रयत्न अठरावा.

तीच ओळ.

*

“चंपत गारू, अंदर से सब चल रहा है,” हैदराबादच्या श्रीलता मॅडम फोनवर म्हणाल्या. “प्रॉब्लेम आप के यहाँ है.”

“मॅडम, आप ने बस से जो फ्लॉपी भेजी, उसी का सर्टिफिकेट डाला है.”

“उसका फिंगरप्रिंट पढ़िए.”

फिंगरप्रिंट म्हणजे प्रमाणपत्राचा ठसा, बत्तीस अक्षरं-आकडे. तो दोन-दोन करून वाचत गेला. प्रत्येक जोडीला मॅडम “करेक्ट” म्हणत होत्या. त्याचा डावा गुडघा टेबलाखाली हलत होता. पेनाचं टोपण त्याने इतकं चावलं होतं की ते आता पेनावर बसेना.

सगळं जुळलं. हैदराबाद खरं होतं, फ्लॉपी खरी होती, ठसा खरा होता.

“फिर ट्राय कीजिए,” मॅडम म्हणाल्या. “पाँच बजे मुझे रिपोर्ट देनी है.”

घड्याळात सव्वाचार.

“च्या आनतो,” वामनराव उठले. “तुह्या तोंडाकडं पाहून मलेच धाप लागून राह्यली.”

वामनराव शाखेतले सर्वांत जुने. सकाळी साडेनवाला ते कुलूप काढत, मशीनवरची पिवळी चादर घडी करून ठेवत आणि आपला नंबर टाकून मशीन उघडत. पडद्यावर वेलकम आणि खाली स्वतःचं नाव आलं की चष्मा काढून पुसत. तो मान त्यांचा. दहाला चंपत येई तेव्हा मशीन तयार असे. मार्चअखेर त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली. पण हार नाही, नारळ नाही. एक एप्रिलला ते रोजच्यासारखेच डबा घेऊन आले. “वर्षभर वाढवून देल्लं,” म्हणाले. चंपतला बरंच वाटलं होतं. दुपारी त्यांच्या बायकोच्या, कौशल्याबाईंच्या हातचा ठेचा त्यालाही मिळे.

*

प्रयत्न एकोणिसावा. 

नाही. त्याने एंटर दाबलंच नाही.

फ्लॉपीवरची फाइल पुन्हा एकदा मशीनवर घ्यावी म्हणून त्याने यादी उघडली होती. यादीत दोन ओळी एकाखाली एक होत्या. फ्लॉपीवरून आलेली फाइल: चोवीस एप्रिल. तिच्याखाली मशीनने आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी, स्वतः लिहिलेली नोंद: एकोणतीस मार्च.

त्याचा गुडघा थांबला.

मशीनच्या लेखी आज एकोणतीस मार्च होता. आणि हैदराबादचं प्रमाणपत्र बारा एप्रिलपासून खरं. जे अजून जन्मलंच नाही त्याच्यावर मशीनने विश्वास ठेवायचा कसा?

त्याने तारीख बदलली. सव्वीस एप्रिल एकोणीसशे नव्व्याण्णव. एंटर.

मोडेम किरकिरलं. थांबलं. ओळ आली नाही. तिच्या जागी एक रिकामी चौकट उघडली: नाव लिहा.

त्याने स्वतःचं लिहिलं. चंपत, सहायक, इचोडा. सगळं आलं. तो एकटाच हसला. मग सहज, आनंदाच्या भरात, त्याने वामनरावांचं नाव घातलं.

वामनराव. वरिष्ठ लिपिक, इचोडा. सेवानिवृत्त, ३१ मार्च ९९. त्या तारखेनंतर मशीन उघडण्याचा नंबर बंद.

बाहेर एक ट्रक किती तरी वेळ हॉर्न वाजवत राहिला.

फेब्रुवारीत पेपरात रोज यायचं, दोन हजार साल लागलं की मशीनी बंद पडतील. वामनराव घाबरले होते. चंपतने त्यांना तारीख बदलून दाखवली होती, पुढे नेऊन, मागे आणून.

“कोनतीबी तारीख?” त्यांनी विचारलं होतं.

“कोनतीबी, काका. मशीनले कोन सांगून राह्यलं, आज कोनता दिवस हाय?”

*

वामनराव दोन्ही हातांत ग्लास धरून आत आले. पडद्यावरची चौकट चंपतने तेवढ्यात मिटवली होती.

“लागलं काय रे?”

“लागलं.”

“देवा!” त्यांनी ग्लास ठेवला. थोडा चहा टेबलावर सांडला. “काय व्हतं मंग?”

“काई नाई. आतला सेल कमजोर व्हता. तारीख मांगं जात व्हती.”

वामनराव सांडलेला चहा रुमालाने पुसू लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

“मंग आता... मशीन तू उघडशीन सकाळी?”

“मी काऊन? तुमीच उघडा, रोजच्यावानी.” चंपतने फोनकडे हात नेला. “घरून निघाले का डबा मात्र दोघांचा आना.”

वामनरावांनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच हातात धरून बसले.

फोनवर श्रीलता मॅडम खूश होत्या. पाचला आठ मिनिटं कमी होती.

“बधाई हो, चंपत गारू! अब रोज चलेगा न?”

“रोज चलेगा.”

“रिपोर्ट में क्या लिखूँ? कारण?”

“लिखिए, सेल कमजोर.”

“तो नया सेल भेज दूँ?”

“नहीं, नहीं मॅडम,” तो घाईने म्हणाला. “नया नहीं चाहिए. मैं रोज तारीख देख लूँगा. लिखिए, इचोडा शाखा रोज सुबह तारीख जाँचेगी.” त्याने वामनरावांकडे पाहिलं. “साढ़े दस के बाद.”

“साढ़े दस के बाद क्यों?”

समोर वामनरावांच्या ग्लासातला चहा तसाच होता. त्यावर साय धरू लागली होती.

“यहाँ बिजली,” चंपत म्हणाला, “उसके बाद ही ठीक रहती है.”